पट्टी पांढरी निघाली

आमच्या मास्तरांचा डावा हात मनगटापर्यंत निळा होता. नेहमी निळाच असं नाही. लग्नसराईत राणी कलरच्या साड्या निघाल्या की गुलाबी, गणवेशाचा लॉट लागला की खाकी. पण उजवा हात आईच्या पोटातून आला तसाच्या तसा. जेवायचा आणि सँपल कुत्र्याला कुरवाळायचा हात तो. त्याला त्यांनी रंगाच्या टाकीजवळसुद्धा कधी नेलं नाही. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि त्या उजव्या हाताला रंग लागलेला मी एकदाच पाहिला. ते पुढे येईल. मध्येच मी दुसरीकडे पळालो तर मला धरून आणा, कारण त्या जागेपाशी आलो की मी पळतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एक डाईंग मिल होती, तिथे ते कलर मास्तर. मागावरून उतरलेलं कोरं मळकट कापड आमच्याकडे यायचं आणि ते कोणत्या रंगात, किती वेळ, किती तापवून बुडवायचं हे मास्तर ठरवायचे. शेठला त्यात तोंड घालायची परवानगी नव्हती. एकदा मुंबईचा कुणी व्यापारी संध्याकाळी पाच वाजता मोरपंखी रंगाचा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, हा शेड आत्ता जुळवून द्या. मास्तर तुकड्याकडे बघायलाच तयार नाहीत. सकाळी नऊच्या आत, उत्तरेकडच्या खिडकीत, त्याच उजेडात ते रंग बघायचे. ट्यूबलाइटच्या उजेडाला ते खोटी साक्ष म्हणायचे. शेठनं हात जोडले, व्यापाऱ्यानं घड्याळ दाखवलं, मास्तर शांतपणे बिडी ओढत बसले. शेवटी व्यापारी मिलमध्येच कोऱ्या कापडाच्या ताग्यांवर झोपला आणि सकाळी सूर्य मास्तरांना विचारून उगवला. यातलं सूर्याचं तेवढं माझं. बाकी सगळं घडलेलं आहे.

मास्तर अमळनेरकडचे. डाईंगला येण्याआधी बारा वर्षं कडोदऱ्याला पॉवरलूमवर होते. मागाच्या खडखडाटात बारा वर्षं काढलेली माणसं बायकोशी गुजगोष्टीही ओरडून करतात. मास्तर उलटे. या आवाजाशी भांडण्यात अर्थ नाही असं त्यांनी तिथेच कधीतरी ठरवून टाकलं असावं. ओठ हलल्यासारखे वाटायचे, बस. समोरच्या माणसाला काही ऐकू येत नसे. मला यायचं. माझे कान काही फार तिखट होते असं नाही, पण त्यांच्या ओठांकडे बघण्याची मला सवय लागली होती. पगारपत्रकात मी हेल्पर. खरं काम भोंग्याचं. मास्तर पुटपुटायचे, ‘दोन नंबरचं तापमान उतरव,’ आणि मी ते असं ओरडायचो की तिकडे कडोदऱ्याला एखादा मागवाला दचकून माग बंद करायचा.

वर मी माझ्या पदरचंही घालायचो. ‘दोन नंबरचं तापमान उतरव, नाहीतर मास्तर म्हणतात आज कुणाला चहा नाही, आणि त्या कोपऱ्यातल्याला सांगा, त्याच्या गावी पत्र टाकतो.’ सगळी मिल हसायची. मास्तर माझ्याकडे बघायचे.

‘रेडिओ,’ ते म्हणायचे, ‘मी एवढं बोललो नव्हतो.’

दिवसातून चार वेळा तरी हे वाक्य मला ऐकायला मिळे. मला ते शाबासकीसारखं वाटायचं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या असायच्या, बोटभर रुंद, वीतभर लांब. रंग पक्का की कच्चा हे बघायला डाईंगवाले असा तुकडा बुडवतात, साबणानं धुतात, चोळतात. पण इतर डाईंगवाले ते मिलमध्ये करतात. मास्तर पट्टी कशातही बुडवायचे. चहात बुडवली, देवळातल्या तीर्थात बुडवली, शेठच्या मुलीच्या लग्नातल्या सरबतात तर नवरदेवासमोर बुडवली. मग नळाखाली धरून साबण लावायचे आणि वाळली की एका जाडजूड वहीत चिकटवून खाली बारीक अक्षरात लिहून ठेवायचे. ती वही कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, ‘असू दे.’

आमच्या रूमांच्या रांगेच्या टोकाला चाळीसगावची एक मावशी खानावळ चालवायची. मास्तर ताटावर बसले की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

‘जेवायला आलात का धाड घालायला?’

मास्तरांनी एकदा तिच्या वांग्याच्या रश्श्यात पट्टी बुडवली, साबणानं तीनदा धुतली, उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे वळून ओठ हलवले. मी सांगितलं, ‘मावशी, मास्तर म्हणतात रंग पक्का आहे.’

‘मग? चांगलंच की. माझं काही कच्चं नसतंच.’

मास्तरांनी परत ओठ हलवले. ‘मिरचीचा रंग धुतल्यावर एवढा टिकत नाही,’ मी म्हणालो. ‘ही मिरची नाही. आपल्या मिलमधला माल आहे.’

मावशी त्याच पावली तिखटाची पुडी घेऊन बाजारात गेली, आणि त्या दुकानदाराचं तोंड पुढे महिनाभर लालच होतं असं मी सांगत असे. त्या दिवसापासून आमच्या रांगेत एक रीतच पडून गेली. हळद आणली, मास्तरांकडे चला. मुलांना रंगीत बर्फ घेतला, मास्तरांकडे चला. पट्टीला डाग राहिला की टाकून द्यायचं. पट्टी पांढरी निघाली की बिनघोर खायचं. मास्तरांनी हा नियम कधी सांगितला नव्हता. तो मी तयार केला आणि ओरडून ओरडून पसरवला. मास्तरांच्या डोळ्याला न दिसणारी गोष्ट ब्रह्मदेवानं अजून बनवलेली नाही, असं मी गावभर सांगत फिरायचो. मला त्यांचा अभिमान होता. तो खोटा नव्हता. मी जे काही बोलायचो त्यात तेवढंच बिनभेसळ होतं.

आता सँपल.

मिलच्या मागे सांडपाण्याचा नाला होता. त्यात एक पिल्लू पडलं, मास्तरांनी ते काढलं. पुढून पिवळं, मागून जांभळं आणि मध्ये जिथे मास्तरांनी धरलं तिथे पांढरं. व्यापाऱ्याकडे पाठवायचा तुकडाच जणू. म्हणून सँपल. धुतल्यावर कळलं की कुत्रा मुळात पांढरा आहे, पण त्याला स्वतःला ते मान्य नसावं, कारण मोठा झाल्यावरही संधी मिळाली की तो नाल्यात जाऊन उडी मारायचा. संध्याकाळी सँपल ज्या रंगाचा परत येईल त्यावरून कुठल्या मिलमध्ये काय चाललंय ते अख्ख्या वसाहतीला कळायचं. दोन व्यापाऱ्यांनी त्याच्या मागावर माणसं ठेवली होती. बरं, एका व्यापाऱ्यानं. रोज अंधार पडायच्या आधी मास्तर त्याला डाव्या हातानं साबण लावून धुवायचे, पांढरा झाला की मग उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवायचे आणि दोघेही बराच वेळ तसेच बसून राहायचे. मास्तरांच्या मागेपुढे दुसरं कुणी नव्हतं. बायको बाळंतपणात गेली, ते लेकरूही गेलं. हे मला मावशीनं सांगितलं. मास्तर कधी बोलले नाहीत, आणि ज्या गोष्टीवर ते बोलत नसत तिच्यावर मीही ओरडत नसे. एवढी अक्कल मला होती.

नाल्यातलं काय काय प्यायलेला तो कुत्रा, त्याला कधी शिंकही आली नाही.

पुढे रस्त्यावर ट्रक वाढले, तेव्हापासून ड्युटीला जाताना मास्तर त्याला दारासमोरच्या लिंबाला बांधून जायचे. दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं गळ्यातल्या पट्ट्याच्या कडीला, हनुवटीखाली, जिथे कुत्र्याचे दात पोचत नाहीत. आणि गाठ मागावरची. तुटलेला धागा जोडताना कारागीर मारतात ती. छोटीशी, चपटी, ओढावी तितकी आवळत जाणारी. मास्तरांनी मारलेली गाठ आपोआप सुटली असं सुरतेत कुणी पाहिलेलं नाही. या एका वाक्यात माझी काही भर नाही.

प्लेगच्या भीतीनं आम्ही सगळे बोचकी बांधून खानदेशात पळालो होतो, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी हे झालं. उन्हाळा होता. आमच्या रूमा आणि मूळ गाव यांच्या मध्ये गावाचं तळं होतं. गावातल्या म्हशी त्यात डुंबायच्या, आमच्या बायका एका काठाला कपडे धुवायच्या, मावशीच्या दोन शेळ्या पाणी प्यायच्या. त्या वर्षी वारा पडला, पाणी अर्ध्यावर आलं आणि आठवड्याभरात तळं हिरवं झालं. हिरवं म्हणजे पाचूसारखं वगैरे नाही. ऑइलपेंटचा डबा कलंडावा तसं. आमच्या बाजूच्या काठाला तर जाड साय धरली होती. खडा टाकला की ‘डुबुक’ व्हायच्या ऐवजी ‘थप’ व्हायचं.

गावात एक म्हातारे काका होते, बारा म्हशींचे धनी. त्यांनी सरळ मास्तरांच्या हाताकडे बोट दाखवलं.

‘आ तमारी मिलनो रंग छे. तमे लोकोए ज नाख्यो छे.’

तुमच्या मिलचा रंग, तुम्हीच टाकला. आमच्या रूमा गावच्याच जमिनीवर होत्या. काकांनी मनावर घेतलं असतं तर घरमालकानं आम्हा चाळीस कुटुंबांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं. काठावर माणसं जमली. तिकडे गाव, इकडे आम्ही. मी त्या दिवशी सुटीवर होतो, म्हणजे तोंड मोकळंच होतं.

‘काका,’ मी म्हणालो, ‘रंग आहे की नाही हे सांगणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे. त्याच्या डोळ्याला विचारा.’

काकांनी जरा मऊ होऊन विचारलं, ‘मास्टर, तमे जुओ ने जरा. ढोरने पवाय के नहीं?’ जनावरांना पाजता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं. बारा म्हशी घेऊन ते तीन मैलांवरच्या कालव्याला जात होते.

मास्तरांना हे नको होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि घरच्या बोलीत म्हणाले, ‘माले रंग समजस रे. पानी समजत नही.’

‘मास्तर, तुम्ही नुसती पट्टी बुडवा,’ मी म्हणालो. ‘बाकी माझ्यावर सोडा.’

सकाळचे आठ असतील. उजेड त्यांच्या मनासारखा होता. ते उकिडवे बसले, डाव्या हातानं पट्टी त्या सायीत बुडवली, बराच वेळ धरली. बाहेर आली तेव्हा पोपटी झाली होती, गावाकडून ‘जोयुं?’, बघितलंत ना, असा आवाज उठला. मावशीनं साबण दिला. मास्तरांनी पट्टी बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुतली. एकदा. दुसऱ्यांदा धुवायची गरजच पडली नाही. त्यांनी ती उत्तरेकडे तोंड करून दोन्ही बाजूंनी बघितली. पट्टी पांढरी निघाली.

मग त्यांनी ओठ हलवले.

ते काय म्हणाले ते मी आज जसंच्या तसं लिहितो. ‘हा रंग नाही. पण काय आहे ते मला माहीत नाही. कळेपर्यंत जनावर घालू नका.’

तीन वाक्यं. सात वर्षं मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला दोन वाक्यांची पुरवणी जोडत आलो होतो. त्या दिवशी तिनातली दोन खाल्ली. ‘मास्तर म्हणतात, रंग नाही!’ असा मी ओरडलो आणि आमच्या बाजूनं अशी हाळी उठली की पुढचं काही बोलायचं सुचलं नाही. बायकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. कुणीतरी मला उचललं. पुढचं मी ऐकलंच नव्हतं, गलका फार होता, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. मी ऐकलं होतं. मी त्यांचे ओठ बघत होतो.

मिलचा भोंगा झाला. मास्तर पट्टी खिशात ठेवून ड्युटीवर निघून गेले. त्यांना वाटलं, रेडिओ सांगेल.

काका तिथेच उभे. ‘तो पछी ढोरने पवाय?’

‘पवाय म्हणजे? पट्टी पांढरी निघाली ना? मास्तरांनी पास केलेलं पाणी आहे. तुमच्या म्हशी उद्या दुप्पट दूध देतील.’

‘तारी वात नथी मानतो,’ काका म्हणाले. तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. लोक हसले. म्हातारा मला बरोबर ओळखत होता.

आता इथे मी पळतो. या जागेवर आल्यावर मी आजवर काय काय सांगितलंय म्हणून सांगू? एका वेळी सँपल ट्रकखाली गेला. एका वेळी त्याला साप चावला. माझ्या नातवाला तर मी सांगितलंय की तापीला पूर आला होता तेव्हा तो मगरीशी झुंजला, आणि मगर लंगडत गेली. पोरगं अजून ती गोष्ट मागतं.

मी लिंबाखाली गेलो. मास्तरांनी सकाळीच बांधून ठेवलेला सँपल मला बघून शेपटी हलवायला लागला. मी गाठ सोडवायला बसलो. पाच मिनिटं झटलो. नखांनी सुटेना, शेवटी सँपलचं तोंड वर करून मी ती दातांनी सैल केली. तो माझा कान चाटत होता. मग त्याला काठावर आणलं, मावशीच्या टोपल्यातला भाकरीचा तुकडा घेतला आणि सगळ्यांना दाखवून पाण्यात लांब फेकला.

‘बघा काका. मास्तरांचा स्वतःचा कुत्रा.’

सँपलनं अशी उडी मारली की काठावरची माणसं मागे सरकली. हिरव्या सायीत वाट पाडत तो पोहत गेला, भाकरी खाल्ली, गटागटा पाणी प्याला, बाहेर आला आणि माझ्या अगदी जवळ उभा राहून अंग झटकलं. माझ्या सदऱ्यावर हिरवे शिंतोडे उडाले. मुलं टाळ्या वाजवत होती. काकासुद्धा हसले. मग सँपल लिंबाखाली जाऊन बसला आणि त्याच्या सवयीप्रमाणे पाय, पोट, शेपटी, सगळं चाटून स्वच्छ करायला लागला.

अर्धा तास गेला असेल. मी मावशीकडे चहा पीत माझा पराक्रम पहिल्यांदाच सांगत होतो. मावशी म्हणाली, ‘ते बघ रे, त्याच्या तोंडाला फेस कसा आला.’

लाळ गळत होती. उठायला गेला तर मागचे पाय लटपटले. मला बघून शेपटी हलवायचा प्रयत्न केला आणि कुशीवर पडला. मग अंग ताठ व्हायचं, थरथरायचं, सैल पडायचं, परत ताठ. मावशीनं तोंडात ताक घालायचा प्रयत्न केला, ते बाहेर आलं. काकांनी मागे वळून गड्याला म्हशी परत न्यायला सांगितलं, ‘भेंसोने पाछी लई जा.’ म्हशी काठापर्यंत आल्या होत्या.

मिल चालत पंधरा मिनिटांवर. मी धावलो असतो तर सात. मी सँपलचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो. गेली ती मावशी, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

मास्तर आले तेव्हा सगळं थांबलं होतं. लॉट अर्धा सोडून आले होते. डावा हात कोपरापर्यंत ओला, गडद निळा. ते बसले. उजवा हात त्यांनी सँपलच्या डोक्यावर ठेवला, मानेवरून पाठीपर्यंत नेला, परत डोक्यावर आणला. मग हात उचलून बघितला. तळहात हिरवा झाला होता.

‘काय व्हयनं?’

‘गाठ सुटनी, मास्तर,’ मी म्हणालो. ‘पान्याकडे पळना.’

घरच्या बोलीत म्हणालो. खोटं त्या बोलीत खरं वाटेल असं मला वाटलं असावं. मावशी तिथे होती, काका होते, ज्यांनी टाळ्या वाजवल्या ती सगळी माणसं होती. मावशी ताकाचं भांडं उचलून आत गेली.

मास्तरांनी लिंबाला लोंबणाऱ्या दोरीकडे बघितलं. दोरी तुटलेली नव्हती. मग माझ्या सदऱ्याकडे बघितलं. रंगाचा एवढासा ठिपका बघून तो कुठल्या टाकीतला, कुठल्या वेळचा हे सांगणारा माणूस माझ्या छातीवरचे शिंतोडे एक एक करून बघत होता.

‘हं,’ ते म्हणाले. ‘सदरा काढ तो. धुताना हात तोंडाला लावू नको. आणि चूळ भर. चांगली दहादा भर.’

काकांनी दोन दिवसांनी जनावरांच्या सरकारी डॉक्टरला आणलं. तरुण माणूस होता. त्यानं बाटलीत पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि हिंदीत समजावून सांगितलं. ही काई आहे, शेवाळाची एक जात. एकेकटी दिसत नाही इतकी बारीक. ऊन, साचलेलं पाणी आणि त्यात घरांची घाण आणि साबणाचं पाणी, की ती अशी माजते. काही वेळा तिच्यात जहर असतं. कुत्र्यांना जास्त धोका, कारण ती नुसती पीत नाहीत, अंगावरची चाटतातही.

घाण आमच्याच रूमांच्या गटाराची. मिलचा त्यात थेंब नव्हता. पट्टीनं खरंच सांगितलं होतं.

‘पहचानना कैसे?’ मास्तरांनी विचारलं. मी मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, पण डॉक्टरला ऐकू आलं होतं.

‘आँख से नहीं पहचान सकते. हरा दिखे तो जानवर को दूर रखो, बस.’

मास्तरांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी दोन दिवसांपूर्वी जवळजवळ असंच म्हटलं होतं. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तमारा कूतराए मारी भेंसो बचावी, मास्टर.’ तुमच्या कुत्र्यानं माझ्या म्हशी वाचवल्या. मास्तर त्या म्हाताऱ्याकडे बघून हसले. कसंनुसं का होईना, हसले. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर त्यांनी पट्ट्या ठेवणं बंद केलं. मावशी रश्श्याची वाटी समोर ठेवून मुद्दाम उभी राहायची. ‘बघा ना मास्तर, नवीन तिखट आहे.’ मास्तर भाकरी मोडायचे आणि खाली मान घालून जेवायचे. एका रात्रीत मावशीचं स्वयंपाकघर अनाथ झाल्यासारखं झालं. मिलमध्ये ते सकाळी खिडकीत उभे राहायचे, तुकडा उजेडात धरायचे आणि परत खाली ठेवायचे. शेठनं विचारलं, मास्टर, पास? तर म्हणायचे, तुम्हीच बघा. चार रांगांपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. त्यांना भोंग्याची गरज उरली नव्हती. मीही फोल्डिंगला, कापडाच्या घड्या घालायला गेलो.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. माफी मागायचं वाक्य तयार करायचो आणि त्यात इतकं काही घालायचो, गाव कसं अंगावर आलं होतं, बायका कशा रडत होत्या, की शेवटी त्या वाक्यात मी वीरच ठरायचो. मग ते सांगायची लाज वाटायची.

दीडेक महिन्यानं त्यांनी नोकरी सोडली. अमळनेरला भावाकडे जातो म्हणाले. सामान पोचवायला उधना स्टेशनवर मी गेलो; मला कुणी बोलावलं नव्हतं. एक पत्र्याची पेटी, आणि एक वळकटी, जाड वही तिच्यातच गुंडाळलेली. वळकटी सँपलच्या दोरीनं बांधली होती.

भुसावळची गाडी लागली. मी पेटी चढवली. वळकटी द्यायला वाकलो तर मास्तरांनी माझा हात धरून ती दोरी माझ्या बोटांखाली आणली.

‘बघ,’ ते म्हणाले. परत त्या जुन्या, ओठांतल्या आवाजात. ‘ही गाठ आपोआप सुटेल का रे, रेडिओ?’

आजूबाजूला फेरीवाले होते, पोरं रडत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं. मला एक एक अक्षर ऐकू आलं. मी गाठीवरून बोट फिरवलं. छोटीशी, चपटी.

‘नाही, मास्तर.’

ते थांबले. मी अजून काही जोडतो का याची वाट बघत असावेत. मी काही जोडलं नाही.

‘हं,’ ते म्हणाले आणि वळकटी आत ओढून घेतली.

गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. रंगात हात घालून त्यांना बरेच दिवस झाले होते; सगळं धुऊन गेलं होतं. तो डावा होता की उजवा, मला ओळखता आलं नाही.